शंकरपटातला परहॅप्स

सिंदीच्या दवाखान्यातले कंपाउंडर महादेवराव यांना सगळं गाव परहॅप्सराव म्हणायचं, आणि तेही तोंडावर. ते रागवायचे नाहीत. रागवायचं म्हणजे एक बाजू घ्यावी लागते, आणि बाजू घेणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे.

हा शब्द त्यांना मिशनच्या एका गोऱ्या डॉक्टरीणबाईकडून मिळाला होता. बाई अधूनमधून गावात यायची. ‘माझा ताप उतरेल का?’ असं कुणी विचारलं की मान जराशी कलती करून ती म्हणायची, ‘परहॅप्स.’ अर्थही तिनंच समजावून दिला: होईल, न होईल, काही सांगता येत नाही. महादेवराव थक्क झाले. ‘होय’ म्हटलं तर माणूस उद्या मानगुटीला बसतो, ‘नाही’ म्हटलं तर आजच. बाई मात्र दोन्हींतून मोकळी, आणि रोगी खुशीनं बाटली घेऊन घरी!

आपल्याकडे ‘कदाचित’ आहे, ‘बहुतेक’ आहे. पण कदाचित म्हटलं की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघतो, आणि बहुतेक म्हटलं की बोलणारा अर्धा अडकलाच. इंग्रजीतला परहॅप्स वाक्याच्या आरंभी बसतो, मध्ये बसतो, शेवटीही बसतो. महादेवरावांनी त्याला वाक्याशिवायच बसवला. औषध कडू आहे का? परहॅप्स. लेक नलू पास झाली का? परहॅप्स. तिचा निकाल तेव्हा त्यांच्याच खिशात होता.

बायकोचा, आनंदाबाईंचा, मात्र जीव मेटाकुटीला आला होता.

“अजी, भाजीत मीठ बरोबर हाये का?”

“परहॅप्स.”

मग त्या चिमूटभर आणखी घालत, आणि मग सगळं घर दुपारभर पाणी पीत बसे.

नवे पैसे यायच्या आधीची गोष्ट. हिवाळ्यात गावात शंकरपट भरला, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. शेवटच्या रेघेवर कुठली जोडी आधी आली हे सांगायला एक पंच लागतो. जो कधीच कुणाला दुखवत नाही तो निःपक्षपाती असणार, असा हिशेब करून गावानं महादेवरावांना तिथं उभं केलं. ‘पंच होता का?’ असं विचारलं तेव्हा ते ‘परहॅप्स’च म्हणाले होते, गावानं ते ‘हो’त धरलं.

शेवटच्या धावेला दोन जोड्या उरल्या. एक जाम गावच्या सोनबाची, म्हणजे आनंदाबाईंच्या सख्ख्या भावाची. दुसरी रामाजीची, ज्याच्या घरात महादेवराव भाड्यानं राहत. आनंदाबाईंनी नवऱ्याला बाभळीखाली गाठलं.

“नलूचे बाबा, आज जर तो मेला शब्द तोंडातून काढला, तर नलूले घेऊन मी सोनबाच्या बंडीत बसून जामले चालली. मंग चुलीले विचारजा, भाकर देते का म्हनून.”

“पन सोनबा हारला तं?”

“तं हारला म्हना! माहा भाऊ हाये, त्याचं मी पाहीन. मले तुमच्या तोंडून एकडाव सरळ गोष्ट आयकू द्या.”

त्यांनी गाठोडंसुद्धा आधीच बंडीत, म्हणजे सोनबाच्या बैलगाडीत, नेऊन ठेवलं होतं. ते पाहून महादेवराव रेघेकडे निघाले.

जोड्या सुटल्या. धूळ उठली, माणसं ओरडली, शिंगाला शिंग लावून चारी बैल रेघेवरून निघून गेले. मग सगळं मैदान पंचाकडे वळलं.

“सांगा महादेवराव, कोनाची जोडी?”

“परहॅप्सची!” मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

“कंपाउंडर,” रामाजी मिशीवर हात फिरवत म्हणाला, “घराच्या छपराचे कवेलू औंदा फेरायचे हायेत ना?”

“भाऊजी,” सोनबा पुढे सरसावला, “बहीन देली हाये तुमाले, ध्यानात ठेवजा!”

शब्द महादेवरावांच्या दातांपर्यंत आला. इतक्यात त्यांना बंडीतलं गाठोडं दिसलं. त्यांनी तो शब्द गिळला.

“म्या पाह्यलंच नाई.”

“काय?”

“डोळे मिटले होते. धुळीनं नाई, भेवानं.”

मग जो गोंधळ उठला तो विचारू नका. “पंच बदला!” असा ओरडा झाला, तेव्हा बायकांच्या घोळक्यातून आनंदाबाईंचा आवाज आला, “बदलू नका हो! आज कुठं तं मानूस खरं बोलून राह्यला!”

धाव पुन्हा ठरली. या खेपेला महादेवराव दोन्ही हातांच्या बोटांनी पापण्या ताणून रेघेवर उभे राहिले. जोड्या आल्या, गेल्या, आणि ते एवढ्या जोरानं ओरडले की दवाखान्यातसुद्धा ऐकू गेलं असेल.

“रामाजीची जोडी! सोनबा हारला! साफ हारला!”

सरळ बोलण्याची चव एकदा लागल्यावर त्यांना थांबवेना. “मांगच्या सालीही असाच हारला होता!” त्यांनी पुढे जोडलं.

सोनबा लालबुंद झाला. “चाल आनंदे, बस बंडीत. या मानसाच्या घरचं पानी नाई प्यायचं.”

आनंदाबाई बंडीपाशी गेल्या. महादेवराव पापण्यांवरची बोटं न काढता बघत राहिले. आनंदाबाईंनी गाठोडं उचलून काखेत मारलं.

“हारलेल्याच्या बंडीत मी नाई बसत.”

“अवं, तू माही बहीन ना?”

“बहीनच हाओ. पुढच्या साली जिंकून येजो, मंग बसीन.”

परतताना दोघं बाजारावरून निघाले. आनंदाबाईंनी सहज विचारलं, “वांगे आनता का?” महादेवरावांची मान सवयीनं जराशी कलती झाली. त्यांनी ती हातानं सरळ केली.

“आनतो,” ते ठामपणे म्हणाले.

आणि मुळे घेऊन आले.