चौफुलीवरची धूळ

वृषाली जळगावात, अजिंठा चौफुलीजवळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होती. गच्चीवरच्या हवा मोजायच्या यंत्रात सकाळी पांढरा कागद बसवायचा, आठ तासांनी काढायचा, त्यावर बसलेली धूळ तोलून आकडा वहीत लिहायचा, हे काम ती चार वर्षं सवयीनं करत होती. महामार्गाचं काम निघालं, वाळूचे डंपर वाढले, तशी कागदावरची करडी साय जाड होत गेली. फेब्रुवारीत आकडा मर्यादेच्या तिप्पट निघाला आणि तिचा हात वहीवरच थांबला.

खाली त्याच चौफुलीवर तिची आई, पार्वताबाई, महापालिकेच्या ठेक्यावर रोज झाडू मारायची.

“माय, उद्यापासून मास्क लाव.”

“त्यामा दम कोंडस. अन् धूय काय आज नवी शे का?” पार्वताबाई हसल्या, आणि हसता हसता खोकल्याच्या उबळीनं खालीच बसल्या.

डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला. म्हणाले, धुळीतलं काम बंद.

वृषाली वहीची झेरॉक्स घेऊन मुकादम भिकनभाऊंकडे गेली. “आधी रस्त्यावर पाणी मारा, मग झाडायला लावा. किती धूळ जाते बायकांच्या छातीत!”

“टँकर झाडांनाच पुरत नाही, ताई.” भिकनभाऊंनी आकड्यांवरून नजर फिरवली, आवाज उतरवला. “तुमच्या आईला बागेत टाकतो. एवढंच माझ्या हातात शे.”

वृषालीनं हात जोडले. महिन्याभरात आईचा खोकला ओसरला.

मार्चमध्ये कागद बदलायला ती गच्चीवर गेली. खाली आईच्या जागी घेतलेली मोहिनी झाडत होती, नाकाला पदर बांधून. ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली, तेव्हा तिचं पोट दिसलं. पाचवा महिना तरी असावा.

वृषालीच्या लक्षात आलं: आपण सगळ्यांसाठी पाणी मागायला गेलो आणि आईची सुटका घेऊन परतलो. ती तशीच जिना उतरून चौफुलीवर गेली.

“किती जणी आहात या रस्त्याला?”

“अकरा. का वं ताई?”

“उद्या सगळ्या महापालिकेत चला. मी वही घेऊन येते.”

“अन् काम गेलं तर?”

दुसऱ्या दिवशी अकरापैकी सहा जणी आल्या, त्यांत मोहिनी होती.

आता आठवड्यातून दोन दिवस टँकर येतो. बाकीच्या दिवशी वृषाली गच्चीच्या कठड्याशी उभी राहून धुळीत मोहिनीला शोधत राहते. मोहिनीचे दिवस जुलैत भरतात.