युद्धबंदीचं पान

बातमी दुधवाल्यानं आणली. फाटकाबाहेरूनच ओरडला, "सर, उत्तमरावांचं दार उघडंना. किती हाका मारल्या." मी त्याच्यावरच खेकसलो. झोपले असतील, म्हातारपणी लागतो कधी पहाटे डोळा, त्यात एवढी बोंब कशाला मारायची? असं म्हणत चहाचं आधण ठेवलं. मग काय वाटलं कोण जाणे, गॅस बंद केला, पायात चपला अडकवल्या आणि निघालो. दोन गल्ल्या ओलांडल्या की त्यांचं घर. मी पोचलो तोवर शेजारच्यांनी खिडकीतून हात घालून आतली कडी काढली होती. उत्तमराव पलंगावर कुशीला वळून निजले होते. चष्मा घडी करून उशाशी, पाण्याचा तांब्या झाकलेला. झोपेतच गेले, डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगतात हे मला ठाऊक आहे, पण त्या सकाळी मी ते मुकाट्यानं खरं मानलं. आणि तिथं, त्यांच्या पायाशी उभा असताना माझ्या मनात आलं काय, तर आज दुपारी डाव संपवायचा होता...

उत्तमराव माझे साडू. गेवराईच्या दोन बहिणी, थोरली कमलताई त्यांना दिलेली, धाकटी शकुंतला मला. साडू हे नातंच मोठं विचित्र. सासुरवाडीला पंगतीत शेजारी बसवलेले दोन परके पुरुष, एकमेकांना आग्रह करायचा आणि मनातल्या मनात कुणाला जास्त मान मिळाला ते बघायचं. ते माजलगावच्या कालव्यावर पाटकरी, म्हणजे शेतकऱ्यांना पाळीपाळीनं पाणी सोडणारे. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवणारा. माझी उमेदीची वर्षं युसूफ वडगावला गेली, आणि निवृत्तीनंतर माजलगावला घर बांधलं ते केवळ शकुंतलेला बहिणीजवळ राहायचं होतं म्हणून. आधी कमलताई गेल्या. मग शकुंतला. तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंतेजी गेले, पाहुणे गेले, मंडपवाल्यानं खुर्च्या उचलल्या, आणि अंगणात आम्ही दोघंच उरलो. मी म्हणालो, "साडूभाऊ, आता आपलं नातं काय हो? दोघी होत्या तोवर होतं. दोर तुटला."

"तुटला तर गाठ मारायची," ते म्हणाले. "उद्या दुपारी येतो. चहा टाकून ठेवा. साखर कमी."

तेव्हापासून रोज दुपारी उन्हं जरा कलली की फाटक वाजायचं. वाजायचं म्हणजे नुसतं उघडायचं. लावायची सवय त्या माणसाला शेवटपर्यंत लागली नाही. मागोमाग कुणाची तरी शेळी आत यायची आणि शकुंतलेची जास्वंद ओरबाडायची. मी आरडाओरडा करायचो, ते शांतपणे म्हणायचे, "खाऊ द्या की वो, तिला काय ठावं जास्वंद हाय का बोर." मग पत्ते. पत्त्यांत ते चक्क माझी पानं बघायचे, आणि पकडले तर म्हणायचे, "दिसली तर डोळे मिटून घिऊ का?" आमची भांडणं गल्लीला पाठ झाली होती.

त्यांची एकुलती एक लेक सुजाता. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे ती अर्धी आमच्याकडेच वाढली. अजूनही मला मावसा म्हणून हाक मारते तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं. ती पुण्यात नोकरीला. आई गेल्यापासून तिचा एकच धोशा, "पप्पा, पुण्याला चला. एकटं कशाला राहायचं?" दर रविवारी तिचा फोन यायचा. उत्तमराव माझ्याच समोर बसून बोलायचे, "येतो, येतो." लपवायचं कशाला, मला भीती वाटायची. ते गेले तर माझ्या फाटकातून आत येणारं या गावात कुणी राहणार नव्हतं. पण तोंडानं मी म्हणायचो, "जा की, पोरगी एवढी बोलावते. इथं काय ठेवलंय?" ते नुसते बघायचे आणि पत्ते पिसायचे.

गेल्या वर्षी सुट्टीत सुजाता आली, आमचं भांडण तिनं दारातच ऐकलं, आणि पुढच्या खेपेला एक भलामोठा खोका घेऊन आली. म्हणाली, "हा खेळ दोघांनी मिळून खेळायचा. एकमेकांविरुद्ध नाही. जिंकलात तर दोघं, हरलात तर दोघं. आता भांडून दाखवा." खोक्यावर काळंकुट्ट चित्र, पडकी घरं, धूर. कुठल्याशा शहराला वेढा पडलाय, युद्ध चाललंय, आणि आपण सैनिक नाही. आपण त्या शहरात अडकलेली साधी माणसं, एका फुटक्या घरात जीव मुठीत धरून बसलेली. दिवसा घर सावरायचं, फळ्या ठोकायच्या, पाणी गाळायचं. अंधार पडला की एकानं बाहेर जाऊन अन्न, लाकूड, औषध शोधायचं, दुसऱ्यानं दारावर पहारा द्यायचा. पानांचा एक गठ्ठा, त्याच्या तळाशी युद्धबंदीचं पान. तिथवर जगलो तर जिंकलो.

सगळा मजकूर इंग्रजीत. मी वाचायचो आणि मराठीत सांगायचो. उत्तमराव म्हणायचे, "डाव मांडलाय का तास घेताय?" त्या परदेशी माणसांची नावं त्यांच्या जिभेला वळेनात, म्हणून त्यांनी बारसंच करून टाकलं. स्वयंपाक येणारा तो आचारी, धिप्पाड तो पैलवान, चष्मेवाली बाई ती मास्तरीण. पैलवान आजारी पडला की त्याला दटावायचे, "ऊठ बे, पडून ऱ्हायला सासुरवाडीला आला का?" मास्तरणीला मात्र कधी अरेतुरे केलं नाही.

पण खेळ म्हणून विचाराल तर त्यांच्यासारखा नाठाळ गडी दुसरा नसेल. त्या पानांमध्ये मधूनमधून कुणीतरी दार ठोठावतं. कधी शेजारीण मुलासाठी औषध मागते, कधी कुणी उपाशी माणूस येतो. दार उघडायचं की नाही, ते आपण ठरवायचं. मी पान वाचून संपवायच्या आत उत्तमराव म्हणायचे, "उघडा."

"अहो, आपल्याच तिघांना पुरेल एवढं अन्न नाही!"

"दारात आलेल्याला जेवला का इचारायचं नसतं का वो? कसले मास्तर तुमी?"

आणि खरंच, आलेल्याच्या वाट्याचं आधी काढायचे, घरातल्यांचं नंतर. मग काय, दोन दिवसांत आचारी भुकेनं झोपायचा, पैलवानाचा धीर सुटायचा, आणि युद्धबंदीचं पान गठ्ठ्याच्या तळाशी तसंच. आम्ही हरायचो. किती डाव हरलो त्याची गणती मी ठेवली नाही, ठेवली असती तर मलाच लाज वाटली असती. एकदा मी एवढा भडकलो की सगळ्या सोंगट्या हातानं लोटून दिल्या. म्हणालो, "एकदा, एकदा तरी दार लावून बघा! का म्हणून उघडता दरवेळी?" ते वाकून खालच्या सोंगट्या गोळा करत होते. म्हणाले, "नोकरीत लई दारं लावली, साडूभाऊ. पाळी संपली की चारीचं दार लावायचं, पाणी तोडायचं. समोर माणूस हात जोडून उभा, वाफा अर्धा भिजलेला, तरी लावायचं. आता तुमच्या या खोक्यात तरी उघडू द्या." दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी आले, फाटक उघडं टाकलं, आणि खुर्चीवर बसत म्हणाले, "मांडा."

माझी एवढीच इच्छा होती की एकदा जिंकावं. उभ्या आयुष्यात मला जिंकण्यासारखं फारसं काही मिळालं नाही, आणि या वयात तर नाहीच. त्या पुठ्ठ्याच्या घरातले तिघं एकदा जिवंत बाहेर निघावेत आणि आम्ही दोघांनी टाळी द्यावी, बस.

शेवटच्या महिन्यात त्यांना दम लागायला लागला होता. दोन गल्ल्या चालून यायचे तर मध्ये किराणा दुकानाच्या कट्ट्यावर टेकायचे. मी म्हणायचो, दाखवा डॉक्टरला. ते म्हणायचे, "दम न्हाई, वय लागतंय." त्या शेवटच्या दुपारी आले तेव्हा ओठ सुकलेले होते, पण चेहरा प्रसन्न. दोन दिवस चाललेला डाव पुढं मांडला. कधी नव्हे ते सगळं बरं चाललं होतं. घरात लाकूड होतं, पाणी होतं, डबाबंद अन्नसुद्धा शिल्लक होतं. आणि मी पान उचललं तर नेमकं दार वाजलेलं. एक म्हातारा, एका रात्रीपुरता आसरा मागतोय. मी वाचलं आणि भांडायला बाह्या सरसावून बसलो.

उत्तमराव त्या पानावरच्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नगं. आज दार नगं उघडायला."

मला आनंद झाला हो! टेबलावर थाप मारून मी म्हणालो, "आली म्हणायची अक्कल! आयुष्यात एकदा आली!" तेही हसले. त्यानंतरचे दिवस भराभर गेले. तिघंही जिवंत, पोटं भरलेली. गठ्ठ्यात एकच पान उरलं, तळाचं. मी हात पुढं केला, तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "उद्या. आज दम न्हाई. उद्या जिंकू."

"अहो, एकच पान आहे. नुसतं उलटायचं."

"ऱ्हाऊ द्या की एक दिस."

अर्धा डाव ठेवायचा असला की शकुंतलेची अन्नावर झाकायची जाळी आम्ही त्यावर ठेवायचो. ती त्यांनीच ठेवली. निघताना फाटकाबाहेर गेले, मागं वळले आणि फाटक लावलं. कडीसुद्धा घातली. मी ओट्यावरून ओरडलो, "अरे वा, चमत्कार!" त्यांनी हात हलवला. मला काही म्हणजे काही कळलं नाही.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला सुजातानं सगळं नीट केलं. संध्याकाळी लोक पांगल्यावर ती माझ्याकडे आली, चहा तिनंच केला, आणि टेबलावरच्या जाळीकडे तिचं लक्ष गेलं. जाळी उचलून बघत म्हणाली, "मावसा, हा डाव..."

"जिंकत होतो," मी म्हणालो. "एकच पान राहिलं."

ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही ना? पप्पांनी मला कबूल केलं होतं, हा डाव एकदा जिंकलो की येतो पुण्याला. वर्षभर हेच चाललं होतं. दर रविवारी तुमच्याकडून घरी गेले की पुन्हा फोन करायचे. मी विचारायची, जिंकलात का? तर म्हणायचे, कुठलं बाई, तुझ्या मावसाला खेळताच येत न्हाई." ती हसली आणि हसता हसता तिचा बांध फुटला. "दम लागतो म्हणून कळलं तेव्हा मी फार रडले फोनवर. आणि गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचाच फोन आला. म्हणाले, उद्या जिंकतोय आमी. रविवारी गाडी घिऊन ये."

मी चहाचा कप हातात धरून बसलो होतो, तो तसाच निवला. वर्षभर मी ज्या माणसाला नाठाळ म्हणून शिव्या दिल्या, तो रोज दुपारी येऊन माझ्यासाठी हरत होता का? की त्याला खरंच कुणाला दारातून परत पाठवता येत नव्हतं? मला ठरवता येत नाही. विचारणार कुणाला? दोन्ही खरं असेल. पण त्या शेवटच्या दुपारी त्यांनी दार उघडलं नाही ते, आता निघतो, हे मला सांगण्यासाठी होतं, एवढं मात्र आता कळतं. आणि मी टेबलावर थाप मारून आनंद साजरा केला.

जाताना सुजातानं विचारलं, "हा खेळ नेऊ का, मावसा? पप्पांची आठवण." मी पटकन म्हणालो, "डाव अर्धा आहे गं." तिनं जाळी पुन्हा नीट झाकली.

आता दुपारी उन्हं कलली की मी दोन कप चहा टाकतो, एकात साखर कमी, आणि मग आठवतं. दोन्ही मीच पितो. टाकून देणं जमत नाही. फाटकाला कडी घालत नाही. शेळ्या येतात, जास्वंदीचा नुसता खराटा झालाय, मी ओरडत नाही. ओरडलो तर ऐकणार कोण?

परवा रविवारी फोन वाजला. सुजाता. आता ती मला फोन करते. म्हणाली, "मावसा, तुम्ही तरी या इकडे. एकटं कशाला राहायचं? मी येते गाडी घेऊन."

जाळीखाली पैलवान, आचारी, मास्तरीण, तिघंही नीट बसले होते. खाऊनपिऊन, जिवंत. त्यांच्या शेजारी तळाचं पान, पालथं. ते काय आहे हे मला ठाऊक आहे, उलटायची गरजही नाही. पण उलटलं की आम्ही जिंकलो. आणि जिंकलो की उत्तमराव निघाले.

"येतो," मी म्हणालो. "एवढा डाव जिंकला की येतो."

मग ती हळूच म्हणाली, "बरं मावसा. सावकाश खेळा."