खुशालरावांच्या हौदातले झिंगे

मैनाबाई भोईण पूर्णा नदीत झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी, धरायची आणि दर्यापूरच्या बाजारात विकायची. तिचा बाप पालखीचा भोई. एका गोऱ्या साहेबाला खांद्यावर घेऊन तो थेट सुरतेपर्यंत जाऊन आला होता, जिथे पूर्णेचं पाणी तापीतून दर्याला मिळतं. तिथून त्याने लेकीसाठी बातमी आणली, की आपल्या झिंग्यांची पिल्लं वाहत वाहत दर्याकडे जातात, खाऱ्या पाण्यात वाढतात आणि नखाएवढी झाली की नदीनं उलटी चालत घरी येतात. मैनाबाई हे बाजारात सांगायची. कुणाला पटत नसे, पण हसलेलं गिऱ्हाईक झिंगे घेऊन जाई, म्हणून ती सांगत राहिली.

अमेरिकेत लढाई लागली, तिथला कापूस विलायतेला जाईना आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. खुशालराव पाटलांनी बैलांच्या दमणीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या, तरी हौस उरलीच. मग पाहुण्यांना बारमाही झिंग्यांचा रस्सा वाढायचं त्यांच्या मनात आलं. दसऱ्याच्या सुमारास मैनाबाईकडून पोटाखाली अंडी असलेल्या दोन टोपल्या माद्या घेऊन त्यांनी बागेतल्या हौदात सोडल्या. अंडी फुटली, धुळीसारखी पिल्लं पाण्यात दिसली आणि आठ दिवसांत एकही उरलं नाही.

"मैनाबाई, तू मले वांझ झिंगे देल्ले," पाटील म्हणाले.

"वांझ कायचे? पोट्टे तुमीच पायले ना."

"मंग गेले कुठी?"

"मेले. त्यायले खारं पानी लागते."

पाटलांनी पुढच्या पिल्लांसाठी मिठाची गोणीच मागवली. "किती खारं?"

मैनाबाई विचारात पडली. "बापानं चाखलं होतं. म्हने, वरनाहून जास्त, लोनच्याहून कमी."

पाटील हौदाच्या काठावर बसून मीठ टाकत आणि ओंजळीनं चाखत राहिले. त्यांना मळमळायला लागलं, तेव्हा दर्या जमला असं ठरलं.

मोठ्या झिंग्यांना मात्र तो सोसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात नुकताच सडा पडला होता. अकोल्याचे दलाल भगवंतराव ओसरीवर दूध पीत पहिल्या वेचणीचा कापूस न्याहाळत होते. झिंगे हौदाबाहेर पडले, ओल्या अंगणातून कापसाच्या ढिगात शिरले आणि मिशांना बोंडभर कापूस चिकटवून पलीकडून निघाले.

"पाटील," भगवंतराव हळूच म्हणाले, "तुमचा कापूस चालून राह्यला."

पाटलांनी पाहिलं. "चालू द्या. अकोल्याकडंच चालला असन."

भगवंतरावांनी त्यातला एक पुंजका उचलून पारखायला घेतला. पुंजक्यानं त्यांचं बोट धरलं. ते जोडे न घालताच आपल्या दमणीत जाऊन बसले.

मैनाबाईला बोलावणं आलं. तिने एकेका झिंग्याच्या मिशांवरचा कापूस काढून त्यांना टोपल्यांत भरलं. तिला ओशाळल्यासारखं झालं होतं. मीठ तिनेच सांगितलं होतं. एक टोपली तिने घेतली, दुसरी खुद्द पाटलांनी डोक्यावर घेतली आणि दोघांनी झिंगे पूर्णेत सोडले.

"आता हे सुरतेले जातीन?"

"हे नाई. यायची लेकरं."

"वाट कोन दाखवते त्यायले?"

"मले अकोटची वाट धड माईत नाई, पाटील. झिंग्याची काय सांगू?"

पुढच्या भादव्यात तिने त्यांना नदीतल्या खडकाच्या एका पायरीपाशी नेलं. पाणी जोरात कोसळत होतं. बाजूच्या ओल्या दगडावरून काचेसारखी इवली पिल्लं रांगेनं वर चढत होती. जरीकाठी धोतर चिखलात घालून खुशालराव पोटावर पालथे पडले. मैनाबाई भाकर खाऊन आली, तरी ते तिथंच होते, आणि वर पोचलेल्या प्रत्येकाला "या, या" म्हणत होते.