पोह्यांत पडलेले छत

खालच्या शिंद्यांच्या छताचा तुकडा पोह्यांच्या बशीत पडला, तो माझ्या मुलामुळे नव्हे. एवढे मला मरण्याआधी लेखी द्यायचे आहे.

संत तुकाराम नगरात आमचे घर दुसऱ्या मजल्यावर. माझा मुलगा महेश चाकणच्या एका कंपनीत. त्याने घरातच क्लबसारखा साउंड बांधायला घेतला. प्लायवूडचे कपाटाएवढे दोन खोके, त्यांत परातीएवढे स्पीकर.

"एवढं मोठं कशाला?" मी विचारले.

"बाबा, बेस छातीत जाणवला पाहिजे."

(माझ्या छातीत आधीच स्टेंट होता. तो विषय कोणी काढला नाही.)

एका रविवारी महेश ओव्हरटाइमला गेला आणि मी गुपचूप माझे भजन लावून पाहिले. शब्द नीट कळेनात. आवाज वाढवला. टाळ तर ऐकूच येईनात. आणखी वाढवला. पायाखालची फरशी थरथरू लागली. पण मी सारा जन्म कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये काढलेला माणूस. फरशी हलते आहे म्हणजे काम व्यवस्थित चालू आहे, अशीच माझी समजूत.

खाली त्याच वेळी शिंद्यांच्या सुजाताला बघायला पाहुणे आले होते. प्लास्टर नेमके नवऱ्या मुलाच्या बशीत उतरले. भूकंप समजून पाहुणे चपला हातात घेऊन पळाले, ते पुन्हा फिरकले नाहीत.

संध्याकाळी शिंदे वर आले. "काय राव महेश, पोरीची सोयरीक मोडली तुझ्या खोक्यांनी."

महेशने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहिले.

"चुकलं काका," तो म्हणाला.

छत त्यानेच लिंपून दिले. ते काम जरा जास्तच दिवस चालले, आणि पुढे सुजाता आमची सून झाली. "माझ्यासाठी यांनी छत पाडलं," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगते, आणि मी पेपर उघडून बसतो. खरे सांगून टाकले तर मुलाच्या संसाराचे प्लास्टर पडायचे.

काल धीर केला. "सुजाता, त्या दिवशी साउंड मी लावला होता."

ती पोळी लाटतच राहिली. "बाबा, हे कधी भजन लावतील का? अख्ख्या बिल्डिंगला शब्दन् शब्द ऐकू आला होता. पण माझे पप्पा तुम्हा वडीलधाऱ्यांना कसं बोलणार?"

म्हणजे सगळ्यांना ऐकू आला होता. मी सोडून.