धडक दिली की घंटा

हिंगोली परभणी जिल्ह्यात होती तेव्हाची, सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. माझं लग्न नुकतंच झालेलं. नवरा ट्रक चालवायचा, हिंगोलीच्या बाजारातून कापूस भरून नांदेडला. चालवायचा फार जपून. वारंगा फाट्यावरचा हॉटेलवाला त्याचा हॉर्न ऐकून चहा टाकायचा आणि ट्रक दारात येईस्तोवर तो चहा आटून दुसरा टाकायला लागायचा.

त्या दसऱ्याला आम्ही दोघं हिंगोलीच्या जत्रेत गेलो. मौत का कुआँच्या शेजारी एकानं मोटारींचा खेळ मांडला होता. मोठी लाकडी पेटी, वर काच. आत कापडाचा पट्टा, त्यावर रंगवलेला डांबरी रस्ता. खेळवाला मागून दांडा फिरवायचा, तसा रस्ता सरकत यायचा आणि त्यावर उभ्या केलेल्या पत्र्याच्या मोटारी, जीप, बैलगाड्याही समोर यायच्या. आपण स्टुलावर बसून जुन्या जीपचं स्टिअरिंग फिरवायचं, की आतला लाल ट्रक डावी-उजवीकडं हलायचा.

"चल, गाडी कशी चालवतेत दाखवतो तुला," म्हणत नवरा बसला. पाय खाली क्लच शोधायला लागले.

"ब्रेक कुठंय?"

"ब्रेक नहीं है, भाई."

"मग हॉर्न?"

"मुँह से बजाओ."

नवऱ्यानं खरंच तोंडानं हॉर्न वाजवला. माणसं जमली. त्यानं बैलगाडीला साईड दिली, जीपला वाट दिली, वळणावर ट्रक अलगद कडेला घेतला. कुणाला धक्का नाही की खरचटणं नाही. रस्ता संपल्यावर त्यानं ऐटीत हात पुढं केला. "काढा बक्षीस."

"जीरो," खेळवाला म्हणाला. "एक को भी नहीं मारा."

"मारायचं काहून?"

"अरे, यही तो खेल है! टक्कर मारो, घंटी बजाओ!"

नवरा उठूनच उभा राहिला. "टक्कर? लायसन जाईल माझं!"

मग मी पदर खोचून बसले. तोवर मी फक्त शेळ्या हाकल्या होत्या. पहिल्याच मोटारीला दणका दिला. टण्ण! अंगात वारंच शिरलं.

"आगं, समोर बघ!" नवरा ओरडला.

"बघूनच मारून राहिले!"

"बैलगाडी सोड! माणूस हाय त्याच्यात!"

"पत्र्याचा हाय!" टण्ण! पोलिसाची जीप आली, तिलाही आडवी केली. मागच्या बाया टाळ्या पिटायला लागल्या. खेळवाल्यानं मला स्टीलचा ग्लास दिला.

नवऱ्याला ते सोसेना. तो पुन्हा बसला, दात आवळून. मोटार समोर आली की नेम धरायचा आणि ऐन वेळी हात आपोआप वळायचे. शेवटी एका जीपला कोपरा लागला. टण्ण! तसा तो स्टुलावरून ताडकन उठला, काचेवर वाकला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाला, "लागलं का हो कुणाला?"

खेळवाला दांडा सोडून खाली बसून हसायला लागला. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

परतताना ट्रक चालवताना तो राहून राहून स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडं बघायचा. मी म्हटलं, "खेळ तर होता, एवढं काय मनाला लावून घेता तुमी?"

कळमनुरी मागं पडल्यावर तो म्हणाला, "मला कळतंय गं खेळ हाय म्हणून. हाताला कळत न्हाई."

तो रोज रस्त्यावर काय सांभाळत असेल, याचा मी तोवर विचारच केला नव्हता.

घरी सासूनं ग्लास पाहिला. "ह्यो कशाचा?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "तुह्या सुनेनं पोलिसाची जीप उडवली, त्याचं बक्षीस."

सासूनं ग्लास उजेडाला धरून फिरवून पाहिला. मग लेकाला विचारलं, "अन् तुला काय भेटलं?"

तो हातपाय धुवायला मोरीत गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही.