चंद्रावतीनं पुसलेला रंग

पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचे, हे चंद्रावतीचं वीस वर्षांचं काम. श्वास रोखायचा, एक रेघ, मग श्वास सोडायचा. त्याच हातानं हल्ली ती रोज सकाळी थोरल्या रितेशची पांढरी कानशिलं काळी करायची. सत्ताविसाव्या वर्षी पिकलेला नवरा वरसे गावच्या पाहुण्यांना कसा चालला असता? सोयरीक ठरली होती.

आज मात्र ती धाकट्या मितेशसाठी, दोन्ही पोरांना घेऊन, डॉक्टरीणबाईंसमोर बसली होती. मितेशच्या हाडांतली मज्जा रक्त बनवेनाशी झाली होती. रितेशची मज्जा जुळली होती आणि तो ती द्यायलाही तयार होता.

"घरात कुणाचे केस लवकर पिकले? कुणाची फुप्फुसं गेली?"

"नाय, मॅडम," रितेश झटक्यात म्हणाला.

चंद्रावतीनं वळून रितेशकडे पाहिलं. तिच्या नवऱ्याचे, हरेशचे, केस तिशीतच पांढरेफेक झाले होते आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी तो खोकून खोकून गेला. पांढऱ्या केसांबद्दल सासरचे मिशीला पीळ देऊन सांगायचे, "आमच्या घराण्याची खूण हाय ती!"

"पण हे कशाला इचारता?" तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमेर म्हणतात. पेशी विभागली की टोक थोडं झिजतं. रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींत टेलोमरेज नावाचं एन्झाइम ते टोक पुन्हा बांधत राहतं. मितेशमध्ये तेच काम कमी पडतंय, असा संशय आहे. हा दोष घराण्यातून येतो; केस लवकर पिकणं, फुप्फुसं निकामी होणं ही त्याची लक्षणं. भावातही असला, तर त्याची मज्जा मितेशच्या अंगात टिकणार नाही."

"म्हंजे झिजल्या ब्रशाच्या जागी झिजलेलाच ब्रश?"

"अगदी तसंच."

चंद्रावती उठली. बाटलीतल्या पाण्यात पदर भिजवला आणि रितेशचा कान धरला.

"आये, काय करतेस गो!"

"गप! लग्नापायी भावाचा जीव घेतोस?"

"रंगवलंस तर तूच!"

"व्हय, मीच! आग लागो माझ्या हाताला!"

तिनं खसाखसा पुसलं. पदर काळा, कानशिलं पांढरी.

"दादा, विसर्जनाआधीच रंग उतरला की," मितेश क्षीण आवाजात म्हणाला. चंद्रावतीनं हरेशचंही सारं डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं.

"रितेशचीही तपासणी करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोवर दुसरा दाता शोधायला लावते."

बाहेर येताच चंद्रावतीनं वरसेला फोन लावला.

"पेणवरनं चंद्रावती बोलते. पोराचे केस पांढरे हायत. मीच रंगवले. रक्ताची तपासणी लागलीय. निकाल आला की सांगेन, मग काय ते ठरवा."

"आधी का नाय सांगितलंत?"

"लाज वाटली म्हणून!" ती ओरडली. "त्या लाजेनं पोर मारलं असतं माझं!"

फोन ठेवून वळली, तर रितेश डोक्यावर टोपी चढवत होता. तिनं ती हिसकावली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"उघड्या डोक्यानं चल."