सदाशिव पेठेतला ‘आपण’

सदाशिव पेठेवर स्वारी करायची तर पोटात काहीतरी हवं, म्हणून विश्रांतवाडीच्या स्टॉपवर मी फेमीला वडापाव खाऊ घातला. फेमी नायजेरियाचा, योरुबा. माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. मुलगा-सून परत येताहेत, म्हणून महिनाअखेर त्याला खोली सोडायची होती; नवी खोली बघायला आम्ही निघालो होतो. त्याच्या अभ्यासाचा विषय आफ्रिकेत लोककथा गोळा करत हिंडलेला जुना जर्मन पंडित. माणसं संस्कृती घडवत नाहीत, संस्कृतीच माणसांना घडवते, असं त्या पंडिताचं म्हणणं. सदाशिव पेठेत चार पाट्या वाचल्या की ते पटतं.

बसमध्ये शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, “हे कुठले हो?”

“विश्रांतवाडीचा,” फेमीच म्हणाला.

“तसं नाही, मूळचे?”

“आळंदी रोड.”

गृहस्थ खिडकीबाहेर बघू लागले.

घरमालक निवृत्त प्राध्यापक. “यावं! आपली संस्कृती फार प्राचीन,” असं त्यांनी दारातच फेमीला सांगितलं. (आपण : पुणेरी आदरार्थी ‘तुम्ही’. यात आपल्याला जवळ घेतलंय की दूर ठेवलंय, हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही.) मग चमचाभर चिवडा आणि तासभर जर्मन पंडित. योरुबांच्या गावात त्याला धातूचं अप्रतिम ओतीव मस्तक दिसलं, आणि हे समुद्रात बुडालेल्या कुठल्याशा बेटावरच्या लोकांचं काम, असं त्याने ठरवून टाकलं.

“ते गाव माझ्या आजोळाजवळ आहे,” फेमी म्हणाला. “मस्तक आमच्याच लोकांनी केलं.”

“असं आपल्याला वाटतं,” प्राध्यापक हसले.

खोलीचा विषय निघताच त्यांनी चिवड्याची बशी उचलली. “अहो, माझं काही नाही. सोसायटी, स्वयंपाकाचे वास... आपण दुसरीकडे खोली बघावी.”

मला संताप आला. फेमीने शांतपणे बूट घातले आणि तो दारात उभा राहिला.

“चला, काका,” तो प्राध्यापकांना म्हणाला.

“कुठे?”

“आपण दुसरीकडे खोली बघायची ना? आपली चप्पल कुठली?”

प्राध्यापक माझ्याकडे पाहत राहिले. मी चपलांकडे पाहिलं. फेमीचं व्याकरण पक्कं आहे, हे मला ठाऊक होतं.

परतीच्या बसमध्ये बसलो. “आता कुठे?” मी विचारलं.

“आपल्या घरी,” तो म्हणाला.

यातलं ‘आपल्या’ कोणतं, हे मी विचारलं नाही. उतरल्याबरोबर मुलाला फोन केला आणि म्हटलं, “तुमच्या गाद्या हॉलमध्ये घालतोय.”